पोपट पाळताय? आधी स्वतःचा पोपट होऊ देऊ नका!

'पोपट घ्यायचाय गं, कुठला घेऊ?' पालघर-बोईसरला राहणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की शेवटी म्हटलं, एकदाचं सगळं नीट लिहूनच काढू या.

प्रश्नामागचं कारण कळतं. 2013 मध्ये लोकल विरार ओलांडून डहाणूपर्यंत धावायला लागली. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईत स्वतःचं घर हे स्वप्नच राहिलेली नोकरदार पोरंपोरी इकडे सरकली. तारापूर एमआयडीसीत नोकरीला आलेले तर कित्येक जण बाहेरगावचे, एकटे राहणारे. ड्युटी संपवून घरी आलं की बोलायला कुणी नाही. कुत्रा म्हटलं की सोसायटी नाक मुरडते, मांजर म्हटलं की घरमालक. मग नजर जाते पोपटाकडे. एवढासा पिंजरा, चार दाणे, आणि वर बोलतोसुद्धा! अजून काय हवं?

बरंच काही हवं. पोपट रंग बघून निवडायचा नसतो, स्वतःचं टाइमटेबल बघून निवडायचा असतो. योग्य पोपट म्हणजे कायद्यात बसणारा, तुमच्या दिवसात बसणारा आणि तुमच्या घरच्या हवेत जगणारा. या तीन चाळण्या लावल्या की यादी झपाट्यानं आखडते. बघा तुमच्या वाट्याला कोण उरतं ते.

पहिली चाळणी: कायदा

पोपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिरवागार, लालचुटुक चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी घातलेला राघू. आजीच्या माहेरी ओसरीवर टांगलेला, आल्यागेल्याला 'कोण आलं?' विचारणारा मिठू. आणि नेमका हाच पोपट पाळता येत नाही!

हो, येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे देशी पोपट संरक्षित आहेत. देशी पक्ष्यांच्या व्यापाराला 1990-91 पासून बंदी आहे. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तेव्हापासून दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली. कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. फक्त राघूच नाही, तर मोठ्या चोचीचा पहाडी आणि जांभळट-लाल डोक्याचा टोई हेसुद्धा यात आले. 'मी विकत नाही घेतला, गिफ्ट मिळाला' किंवा 'पिल्लू होतं तेव्हापासून आमच्याकडेच आहे' ही उत्तरं इथे चालत नाहीत.

एवढा कडक कायदा कशासाठी? तर राघू घरटं विणत नाही. त्याला लागते जुन्या झाडाची ढोली, सुतार पक्ष्यानं किंवा तांबटानं कोरून सोडलेलं भोक, नाहीतर वाळून उभा राहिलेला ताड. हिवाळा सरता सरता मादी त्यात अंडी घालते. पिल्लं काढणाऱ्याचा हात त्या छोट्या भोकातून आत जात नाही, म्हणून तो ढोलीच फोडतो. म्हणजे या वर्षीची पिल्लं गेली आणि पुढच्या वर्षीचं घरही गेलं. अंगावर धड पिसं न फुटलेली ही पिल्लं पिशव्यांमधून, टोपल्यांमधून शहरात येतात. वाटेत किती मेली, याचा हिशेब विकणारा तुम्हाला देत नाही. भारतात पोपटांच्या बारा देशी जाती आहेत आणि त्यातल्या आठ जातींचा चोरटा व्यापार नियमित चालतो, असं वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेनं मांडलं आहे.

गंमत म्हणजे हाच आपला राघू पिंजऱ्यातून सुटून तिकडे लंडनच्या आणि ब्रसेल्सच्या बागांमध्ये हजारोंनी वाढलाय. तिकडच्या थंडीतही तो मजेत आहे. फक्त त्याला उडायला आभाळ मिळालं, एवढंच.

तेव्हा स्टेशनबाहेर कुणी हळूच 'ताई, बोलणारा आहे' म्हणत हिरवं पिल्लू पुढे केलं, तर सरळ पुढे चालू लागा. दया येऊन 'सोडवण्यासाठी' विकत घेणं हाही त्याचा धंदाच चालवणं झालं.

मग उरतं कोण?

उरतात परदेशी जातीचे, पण इथेच पिंजऱ्यात पिढ्यान्पिढ्या वाढलेले पोपट. त्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी तीन नावं लक्षात ठेवा.

बजरिगर: दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जी निळी-पिवळी-हिरवी जोडी मिळते, ती बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतेच. ते असतात बजरिगर. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्ड या पक्षी अभ्यासकानं 1840 मध्ये ते इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या घरांत पोचले. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. आवाज किलबिलीएवढा, शेजारच्यांची तक्रार येणार नाही असा. वयात आलेल्या पक्ष्याच्या चोचीवरचा मऊ भाग निळा असेल तर तो सहसा नर, तपकिरी असेल तर मादी. आणि हे चिमुकले बोलत नाहीत असं समजू नका. पक नावाच्या एका बजरिगरच्या नावावर 1,728 शब्दांचा गिनीज विक्रम आहे! अर्थात जोडीनं ठेवलेत तर ते एकमेकांशीच गप्पा मारतील, तुमचे शब्द शिकण्याची त्यांना गरज वाटणार नाही. पण तुम्ही दिवसभर बाहेर असाल तर जोडीच ठेवा.

कॉकटील: डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली. एकदम फोटोजेनिक. हाही ऑस्ट्रेलियाचाच. स्वभावानं प्रेमळ, मान खाजवून घ्यायला पुढे येणारा, शीळ घालण्यात पटाईत. आयुष्य पंधरा ते वीस वर्षं. पण त्याच्या पिसांतून पांढरी पूड सतत झडत असते. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग दुकानदाराला.

खरा लव्हबर्ड: आफ्रिकेचा, गुटगुटीत, आखूड शेपटीचा, गुलाबी चेहऱ्याचा. आयुष्य दहा ते पंधरा वर्षं. नावावर जाऊ नका. हा पक्षी तापट असतो, कडकडून चावतो आणि दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांबरोबर ठेवला तर त्यांना जखमी करतो. ज्यांना पक्षी हाताळायची सवय आहे, त्यांनीच याच्या वाटेला जावं.

या तीन पोपटांना सरकारी नोंदणी लागत नाही. पण लव्हबर्डमधल्या इतर काही जातींना लागते, त्यामुळे घेताना नेमकी जात विचारून घ्या.

मोठ्या पाहुण्यांचा थाट

आता तुम्ही म्हणाल, मॉलमध्ये खांद्यावर बसवून फोटो काढतात तो पिवळाधमक सन कॉन्युअर? किंवा तो हुशार आफ्रिकन ग्रे? मकाव?

बाळगता येतात, पण कागदपत्रांसह. आंतरराष्ट्रीय करारानं व्यापारावर निर्बंध असलेल्या या जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार असा पक्षी घरी आला की तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश 2.0' पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. फी एक हजार रुपये. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा 'कागद नंतर देतो' म्हणाला, तर समजा तुमचा पोपट होतोय.

कागद झाले तरी खरा प्रश्न पुढेच आहे. आफ्रिकन ग्रे चाळीस ते साठ वर्षं जगतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये शिकागोतल्या एका दुकानातून अ‍ॅलेक्स नावाचा ग्रे घेतला आणि 2007 मध्ये तो मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्याच्यावर संशोधन केलं. रंग, आकार, वस्तू किती आहेत, हे तो शब्दांत सांगायचा. आता कल्पना करा, एवढं डोकं असलेला जीव रोज बारा तास वन बीएचकेच्या कुलूपबंद हॉलमध्ये एकटा! कंटाळलेला मोठा पोपट किंचाळतो, आणि पुढे स्वतःचीच पिसं उपटायला लागतो. सन कॉन्युअर कबुतराहून लहान दिसतो, पण त्याचं ओरडणं मजलाभर ऐकू जातं. सोसायटीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं नाव गाजलंच म्हणून समजा.

दुसरी चाळणी: तुमची शिफ्ट कुठली?

इथे प्रामाणिक व्हायचं. पोपट कळपात राहणारा पक्षी आहे. तुम्ही त्याचा कळप असाल तर कळपानं घरी असायला हवं ना!

लोकलवाले: तुम्ही बोईसरहून चर्चगेटला जाता. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघायचं, रात्री जेवायच्या वेळेला परतायचं. तुमच्यासाठी एकटा कॉकटील नको. घरी आई-बाबा किंवा बायको/नवरा असेल तर बजरिगरची जोडी ठीक. एकटे राहत असाल, तर खरं सांगू? सध्या नकोच.

शिफ्टवाले: या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. पोपटाला रोज दहा ते बारा तास शांत अंधार लागतो, आणि तोही ठरलेल्या वेळेला. रात्री दोनला घरी येऊन ट्यूबलाइट लावून टीव्ही बघणार असाल तर पिंजरा वेगळ्या खोलीत हवा. एकच खोली असेल तर हा विषय इथेच संपवा. कॉकटील तर अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यावर आपटतात, त्यांना मंद दिवा लागतो.

घरून काम करणारे: तुमचं जमू शकतं. कॉकटील तुमच्यासाठीच आहे. फक्त रोज तास-दोन तास पंखा बंद आणि खिडक्या लावून त्याला बाहेर सोडायची तयारी ठेवा. मीटिंगमध्ये मधूनच शीळ ऐकू येईल. बॉस हसला तर ठीक!

आणि एक हिशेब वर्षांचा. तुम्ही आज सत्तावीसचे असाल, तर आज घेतलेला कॉकटील तुमच्या चाळिशीपर्यंत सोबत असेल. मधल्या काळात दोन-तीन नोकऱ्या बदलतील, पुण्याला किंवा बंगळुरूला बदली होईल, लग्न होईल, बाळ होईल. त्या प्रत्येक घरात त्याला जागा आहे का? 'तेव्हाचं तेव्हा बघू' हे उत्तर असेल तर पाच-सात वर्षांच्या बजरिगरपुढे जाऊ नका.

तिसरी चाळणी: हवा

ही चाळणी खास आपल्या भागासाठी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. रात्री खिडकी उघडली की येणारा तो विशिष्ट वास बोईसरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. आपण नाकाला रुमाल लावतो आणि झोपतो. पोपटाचं तसं नसतं. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि ते एकेका श्वासातून आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काही शोषून घेतात. उडायला लागणारा ऑक्सिजन त्यातूनच मिळतो, पण विषारी वायूही तितक्याच वेगानं आत जातो. इंग्लंडच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याचसाठी. माणसाला वायू जाणवायच्या आत पक्षी कोसळायचा.

म्हणून एमआयडीसीला लागून घर असेल तर पिंजरा कारखान्यांच्या दिशेच्या बाल्कनीत टांगू नका. वास येईल त्या रात्री खिडक्या बंद करून त्याला आतल्या खोलीत न्या. आणि वारंवार वास येणाऱ्या इमारतीत राहत असाल, तर पक्षी न आणणंच बरं.

घरातली हवाही तपासा. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा विसरलात, तर जास्त तापल्यावर त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो. मच्छर कॉइल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, ताजा ऑइलपेंट, सिगारेट, सगळं याच यादीत. स्वयंपाकघर आणि हॉल एकत्र असलेल्या छोट्या घरात नॉनस्टिकला सुट्टी द्या, बिडाचा तवा काढा. डोसेही चांगले होतात.

घ्यायला जाताना

• पक्षी सावध, डोळे स्वच्छ, शेपटीखालची पिसं कोरडी हवीत. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला, श्वासागणिक शेपटी हलवणारा पक्षी आजारी असतो. 'बिचारा' म्हणून घेऊ नका.

• पिंजरा उंच नको, रुंद हवा. गोल तर नकोच. बजरिगरच्या जोडीला निदान अडीच-तीन फूट रुंदी द्या. गजांतलं अंतर डोकं अडकणार नाही एवढं कमी असावं.

• बसायला प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी पेरूची फांदी लावा. जाडी कमी-जास्त असल्यानं पायांना व्यायाम होतो, कुरतडायलाही मिळतं.

• नुसतं सूर्यफुलाचं बी म्हणजे रोज वडापाव. राळं-बाजरीसारखी बारीक धान्यं, पालेभाजी, गाजर, पेरू द्या. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, मीठ बंद. हिरवी मिरची मात्र खुशाल द्या. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही!

• पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून डॉक्टर आधीच शोधून ठेवा. गावाकडचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांमध्ये गुंतलेले असतात. पक्ष्यांचा डॉक्टर जवळपास मिळाला नाही, तर परळचं 'बैल-घोडा हॉस्पिटल' आहे, पण बोईसरहून तिथवर आजारी पक्षी नेणं म्हणजे अर्धा दिवस. हे आधीच गृहीत धरा.

• पिंजरा साफ करून झाला की हात धुवा. पोपटांपासून माणसाला होणारा एक फुप्फुसाचा संसर्ग आहे. ताप-खोकला झाला तर डॉक्टरांना घरी पक्षी असल्याचं आवर्जून सांगा.

घरात मिठू आधीच आहे?

गावी, मावशीकडे, कुठेतरी हिरवा मिठू असतोच. हे वाचून लगेच पिंजऱ्याचं दार उघडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत ताकद नसते, त्याला खाणं शोधता येत नाही आणि कावळे-मांजरं टपलेलीच असतात. वन विभागाच्या 1926 या टोल फ्री हेल्पलाइनवर बोला आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या. उडण्याचा सराव झाला तरच तो बाहेर जाऊ शकतो, आणि ते ठरवणं जाणकारांचं काम आहे. आजोबांना वाईट वाटेल. वाटू द्या, त्यांच्याजवळ बसा. त्या मिठूवर त्यांचा जीव आहे, हेही खरंच आहे.

चाळणीतून कुणीच उरलं नाही?

मला वाटतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर हेच येईल. आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कारण पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला पोपट बघायला पिंजरा लागतच नाही. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्या, केळव्याकडचे माड आणि ताड, कापणीला आलेली भातशेतं, सगळीकडे राघूंचे थवे आहेत. चिकूवर चोच मारतात म्हणून बागायतदार त्यांच्यावर वैतागतात, ही गोष्ट वेगळी!

सुट्टीच्या दिवशी लवकर उठा. गळ्यात दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. आधी आवाज येतो, मग हिरवी रेघ डोक्यावरून सपकन जाते. कुठल्या झाडाच्या ढोलीत ये-जा आहे ते बघून ठेवा, दुरूनच. सोसायटीतलं वाळलेलं झाड तोडायचा ठराव आला आणि त्यात ढोली असेल, तर हात वर करून 'थांबा' म्हणा. आणि त्या ढोलीपाशी कुणी शिडी लावलेली दिसली, तर फोन उचला. नंबर वर दिलाच आहे.